विहिरीतलं मॅटर

इंग्रजी भाषेचे मोठे शब्द समजतात, लहान समजत नाहीत. 'इमिजिएटली' हा केवढा लांबलचक शब्द, पण तो मी झोपेतसुद्धा बिनचूक लिहून देईन. उलट 'इन', 'अप', 'ऑफ', 'इन्टू' ही चिल्लर एखाद्या घरंदाज क्रियापदाच्या पाठीमागे येऊन बसली, की त्या क्रियापदाचं डोकं फिरतं आणि ते भलतंच बोलू लागतं. हे ज्ञान मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी झालं. तोपर्यंत आमच्या खैरपाड्याची विहीर उपसून झाली होती, एक सरकारी फाइल बुडाली होती आणि मी स्वतः अठरा वर्षांपूर्वीच्या एका गुन्ह्यात सापडलो होतो.

यात माझा दोष एवढाच, की माझं इंग्रजी तारेचं. बत्तीस वर्षं मी पोस्टात तारेच्या खिडकीवर काढली. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत, त्यामुळे माणसं मोठमोठे शब्द ठेवत आणि बारके काढून टाकत. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' आई आजारी, ताबडतोब निघ. या चार शब्दांत मी अर्धा तालुका एस्टीत बसवलाय. बत्तीस वर्षांत 'इन्टू' हा शब्द कुणी विकत घेतलेला मला आठवत नाही. म्हणून माझा असा पक्का समज झाला होता, की कुणी खर्च करून 'इन्टू' घातलाच, तर त्या माणसाला खरोखरच आत शिरायचं असणार.

आता विहिरीचं सांगतो. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. शेणवे गावापासून चालत पाऊण तास वर आलं की खैरपाडा, आणि पाड्याला बाव एकच. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात तिची पूर्वेकडची भिंत आत बसली. अर्धा काठ गेला. उरलेल्या अर्ध्या काठावर बायका गुडघे टेकून पाणी शेंदायच्या, आणि एक शेंदत असली की दुसरी तिचा पदर धरून उभी राहायची. भातसानगरच्या बाजूला धरणात एवढं पाणी साठलेलं, की ते मुंबईला पाठवावं लागतं. आमच्या वाट्याला त्याचा गार वारा तेवढा येतो. आणखी एक पावसाळा गेला असता तर उरलेली भिंतही बसली असती आणि बाव बुजली असती.

नव्याण्णवच्या जानेवारीत हौसा माझ्या ओट्यावर आली. हौसा म्हणजे पाड्यातल्या बायकांची बिनपगारी पुढारी. तिनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, मराठीत तीन अर्ज दिलं, कोनी जबाब देत नाय. तुमी एवढं इंग्रजी शिकलाव, त्याचा आमाला एक दिस तरी उपेग होऊ द्या. भिंत राह्यली तं बाव राहील, बाव राह्यली तं पाडा राहील."

असं कुणी बोललं की माझी छाती अर्धा इंच वर येते. मी ट्रंकेतून जांभळी कॉपिंग पेन्सिल काढली, खिडकीवर वापरायचो तीच, आणि अर्ज लिहिला. तो असा: 'वेल सीरियस. वॉल फॉलन. विमेन डेंजर. स्टार्ट इमिजिएटली.' खाली सही, आणि 'तारमास्तर, निवृत्त'. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका कार्यालयात नेऊन दिला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथला पट्टेवाला अजून मला पाहिलं की खुर्ची देतो.

विसाव्या दिवशी उत्तर आलं, तेही इंग्रजीत, टंकलेखन करून. पाड्याच्या इतिहासात सरकारनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. माझ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचलं: "योर वेल मॅटर विल बी लुक्ड इन्टू."

मग मी थोडा थांबलो. तारेच्या खिडकीवर असा थांबलो की लोकांचा जीव वरखाली व्हायचा, ती सवय गेलेली नाही. "लुक म्हणजे पाहणं," मी म्हणालो, "आणि इन्टू म्हणजे आत. साहेब स्वतः येऊन बावीत वाकून पाहणार आहेत."

एकदम जो गलका झाला तो काय सांगू. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. हौसा मात्र विचार करत होती. "वाकून बघनार," ती म्हणाली, "मंग त्याला धराय काय हाय तिथं?"

इथं ज्ञानेश्वर गुरुजींनी हात वर केला. आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान दोन्ही तेच शिकवतात, त्यामुळे त्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं असतात. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, की मास्तरांचा अर्थ ढोबळ आहे. मॅटर म्हणजे द्रव्य. ते तीन प्रकारचं: स्थायू, द्रव आणि वायू. बावीतल्या दगडांपासून पाण्यापर्यंत सगळ्या द्रव्याची तपासणी होणार. आणि इन्टू म्हणजे गुणिले. पाच इन्टू चार, वीस. पाहणं गुणिले बाव. म्हणजे साहेब एक नसून अनेक येणार.

"किती?" मी विचारलं, जरा तुटकपणेच.

"एकानं गुणायचं असतं तर इन्टू लिहायची गरज नव्हती," गुरुजी म्हणाले. "शून्यानं गुणलं तर उत्तर शून्य येतं, तसं सरकार करणार नाही. मी चार धरतो."

मला हा हिशेब पटला नाही, पण चार साहेब म्हटल्यावर पाडा गुरुजींच्या बाजूला गेला. मोठ्या आकड्यासमोर खरं ज्ञान टिकत नाही, हे मी निवडणुकीत पाहिलेलं आहे.

त्या दिवसापासून पाड्याला ताप भरल्यासारखं झालं. द्रव्याची तपासणी होणार, तर ते स्वच्छ हवं, असा एक पक्ष. भिंत पडलेली दिसली नाही तर साहेब कशासाठी आले, असा दुसरा. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की पडलेले दगड जिथल्या तिथं ठेवायचे आणि बाकी सगळं बाहेर काढायचं. त्यासाठी बुधूला बोलावलं. बुधू पाड्याच्या टोकाला राहतो, आणि बावीत उतरावं तर त्यानंच. पाण्याखाली तो एवढा वेळ राहतो, की एकदा वर येईपर्यंत त्याच्या नावाची मजुरी दुसऱ्याला देऊन झाली होती.

बुधूनं एकेक वस्तू वर पाठवायला सुरुवात केली. सात कळश्या, दोन तांबे, एक सायकलची घंटा, एक पाट. आणि मग एक पितळी हंडा आला, ज्याच्या काठाला पोचा होता. तो पाहिल्यावर हौसा जागच्या जागी बसली.

हा हंडा माझी बायको सकुबाई हिनं चोरला, असं हौसा गेली अकरा वर्षं पाड्यात सांगत होती. दोघींचं बोलणं होतं, पण ते सगळं तिसऱ्या माणसाकडे तोंड करून. सकुबाईनं हंडा उचलला, पदरानं पुसला, हौसाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घे गो. चोरीचा माल." बस, एवढंच. दोघी हसल्या आणि नंतर जरा रडल्याही. मी फार भारावून गेलो होतो. माणसं जोडायला तार लागत नाही, असं काहीतरी मी बोलणार, तेवढ्यात बुधूनं खालून ओरडून सांगितलं की आणखी एक वस्तू आहे, लोखंडी, लाकडी मुठीची.

ती वस्तू पाहून मला अचानक घरी काम आठवलं. पण गुरुजींनी ती आधीच हातात घेतली होती. तो पोस्टाचा तारखेचा शिक्का होता. गाळ खरवडून गुरुजींनी मोठ्यानं वाचलं: "बारा मार्च एक्क्याऐंशी."

खोटं बोलत नाही. त्या दिवशी शिक्का चुकून माझ्या खिशात घराकडे निघाला. वाटेत बावीपाशी थांबलो, पाणी किती आहे म्हणून वाकून पाहिलं, आणि खिशातून तो गेला. आता सरकारी शिक्का हरवला म्हणजे नोकरीवर गदा. मी वरच्या कार्यालयाला तार केली: 'स्टॅम्प टेकन मंकी. मंकी अॅब्सकाँडिंग.' शिक्का माकडानं नेला, माकड फरार आहे. आमच्या भागात माकडं आहेत हे वरच्यांना ठाऊक होतं. नवा शिक्का आला. अठरा वर्षं मी माकडांशी नजर मिळवू शकलेलो नव्हतो.

सकुबाईनं शिक्का हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हेच का हो ता माकड," ती म्हणाली, "ज्याला मी दोन टायमाला भाकर घालते?"

पाडा दोन दिवस हसला.  साहेब आले की सगळं झाकलं जाईल, अशी माझी समजूत होती. काठाला बांबूचं कुंपण घातलं, म्हणजे साहेबांना वाकताना धरता येईल. आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. गुरुजींनी शाळेतून चार खुर्च्या आणल्या. त्या पाहून मला रोज राग यायचा, कारण पोरं वर्गात उभी होती.

पंधरा दिवस झाले. तोरण वाळलं. एका रविवारी नम्रता पाड्यात आली. नम्रता हौसाची पुतणी, कल्याणला एका कंपनीत टायपिस्ट, लोकलचा पास असलेली पाड्यातली पहिली बाई. तिनं पत्र वाचलं आणि हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, ती खुर्ची साहेबांसाठी होती, तरी कुणी उठवलं नाही.

"काका," ती म्हणाली, "हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा टाइप करते. लुक इन्टू म्हणजे आत बघणं नाय. चौकशी करणं. लक्ष घालणं."

"मग लक्ष घालायचं ते बावीतच ना?"

"घालायचं असतं तर तारीख दिली असती. तारीख नसली की त्याचा अर्थ कोणी येत नाय, असा घ्यायचा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मागून गुरुजींचा अगदी हळू आवाज आला: "शून्यानं गुणलं."

लोक हसले असते तर मला चाललं असतं. कुणी हसलं नाही. हौसा काठाशी गेली, तोरण काढलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "आमाला वाटलं, इंग्रजीत खोटं बोलता येत नसंल."

ते वाक्य मला जेवू देईना. माझी बत्तीस वर्षांची अब्रू आणि पाड्याची बाव, दोन्ही एकाच वेळी आत बसत होत्या. मंगळवारी मी धोतर बदललं आणि कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं आधी आवक क्रमांक विचारला. तो सांगितला तर जावक क्रमांक विचारला. तोही सांगितला, तेव्हा त्यानं नाराज होऊन फाइल काढली. आत माझा जांभळा अर्ज होता आणि वर निळ्या शाईत शेरा: 'लुक्ड इन्टू. फाइल्ड.'

मी तो तीनदा वाचला. 'विल बी' गेलेलं, नुसतं 'लुक्ड'. शेवटी ईडी. भूतकाळ. इन्टू मला कळला नसेल, पण ईडीच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

"साहेब पाहून गेले?" मी विचारलं. "कधी? बावीवर उजाडल्यापासून बायका असतात. एकीनंही साहेब पाहिले नाहीत."

"आजोबा, तसं पाहायचं नसतं ते," कारकून म्हणाला.

"मग कसं पाहायचं असतं?"

"इथून. टेबलावरून."

मी त्याचे आभार मानले आणि सरळ तारेच्या खिडकीवर गेलो. माझ्या जागी आलेल्या माणसानं माझ्यासाठी फॉर्म पुढं सरकवला. ठाण्याच्या वरिष्ठांना मी तार केली: 'ऑफिसर लुक्ड इन्टू वेल विदाउट कमिंग. इन्क्वायर डिझेल.' अधिकाऱ्यानं न येता विहिरीत पाहिलं, डिझेलची चौकशी करा. आयुष्यात पहिल्यांदा मी 'इन्टू' पैसे मोजून विकत घेतला. साहेबांच्या जीपच्या डिझेलबद्दल मला काडीची माहिती नव्हती. पण घरच्या माणसाला जसे 'मदर' शब्दानं पाय फुटतात, तसे सरकारी माणसाला 'डिझेल' शब्दानं फुटतात, हा माझा खिडकीवरचा अनुभव.

चौथ्या दिवशी सकाळी धूळ उडवत जीप आली.

एवढी धावपळ मी पाड्यात कधी पाहिली नव्हती. चुलीवरची भाकरी चुलीवर राहिली. गुरुजींनी शाळेला मधली सुट्टी दिली, तीही शाळा भरायच्या आधीच. हौसानं तेच वाळकं तोरण घरातून आणून परत कुंपणाला बांधलं. साहेब तरुण होते, काखेत फाइल, पाठीमागे तोच कारकून. एकच साहेब. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी तोंड फिरवलं.

"डिझेलवाले कोण?" साहेबांनी विचारलं.

मी पुढं झालो. साहेब म्हणाले, की मला वर लिहून द्यायचंय, प्रत्यक्ष पाहिलं म्हणून. पाहतो आणि जातो. आणि दहा हात लांबून त्यांनी मान उंचावून बावीकडे पाहिलं.

हौसा मधे आली. "तिथून नाय दिसत, सायेब. आमी बसतो तसं गुडघ्यावं बसा. आनि वाका."

पन्नास बायका बघत होत्या. साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी एका हातानं बांबू धरला आणि वाकले. "आनखी," हौसा म्हणाली. आणखी वाकले. त्याच क्षणी काठाचा एक दगड त्यांच्या गुडघ्याखालून सुटला. साहेबांनी दोन्ही हातांनी बांबूला मिठी मारली आणि काखेतली फाइल खाली गेली. दगडाचा आवाज मोठा आला, फाइलीचा बारीक.

"मॅटर," गुरुजी म्हणाले, "विहिरीत गेलं."

कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. त्या फाइलीला दुसरी प्रत नव्हती, आणि संध्याकाळी ती ठाण्याला दाखवायची होती. साहेबांनी बुधूला शोधलं. बुधू बांधावर बिडी ओढत बसला होता.

"जातो ना," तो म्हणाला. "पन भिंत हालतेय, सायेब. तुमचा कागद आनाया मी उतरलो नि भिंत बसली, तं माज्या घरला कागद पाठवाल का?"

 साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून कारकुनाकडे दिलं. बुधूच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मग ते काठावर पोटावर पालथे झाले. पाऊण तास ते तसेच होते. भिंतीतला एकेक दगड पाहत होते, हलला की बुधूला ओरडून सांगत होते, आणि मागून हौसानं त्यांच्या शर्टाचं टोक धरलं होतं, बायका एकमेकींचा पदर धरतात तसं. लुक इन्टू म्हणजे काय, ते त्या दिवशी मी पाहिलं. नम्रताच्या ऑफिसात असं कुणी टाइप केलेलं नसणार.

बुधू फाइल दातात धरून वर आला. साहेबांच्या तळहाताची साल निघाली होती. काठावर उन्हात एकेक कागद पसरला, वर खडा ठेवला. टंकलेखन फिकटलं होतं. निळ्या शाईतला शेरा, 'लुक्ड इन्टू, फाइल्ड', त्याचा नुसता आभाळासारखा डाग उरला होता. एकच कागद जिवंत होता. कॉपिंग पेन्सिलीचं अक्षर भिजलं की जास्तच उठून दिसतं. जांभळंगर्द, दहा हात लांबून वाचता येईल असं: 'वेल सीरियस. वॉल फॉलन. विमेन डेंजर.'

साहेबांनी तो वाचला. मग डागावर बोट ठेवून कारकुनाला विचारलं, इथं काय शेरा होता. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, बावीकडे पाहिलं, बुधूच्या कमरेच्या दोराकडे पाहिलं.

"आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. त्या कार्यालयाचं नाव मी आजही घेत नाही, त्याचं खरं कारण हे.

साहेबांनी कोरा कागद मागितला. लिहायला पेन मागितलं, मग म्हणाले, "पेन नको. मास्तर, तुमची ती पेन्सिल द्या." गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं, आणि या वेळी अर्थ सांगायला मला थांबावं लागलं नाही: 'लुक्ड इन्टू. स्टार्ट इमिजिएटली.'

वैशाख संपायच्या आत गवंडी आले. भिंत वर आली, काठ सगळा झाला, आणि हौसा त्यावर गुडघे न टेकता उभं राहून पाणी शेंदू लागली. पहिला हंडा तिनं माझ्या ओट्यावर आणून ठेवला.  माझी छाती अर्धा इंच वर आली.

ती तशीच राहिली असती. पण गुरुजी एका शिबिराला गेले होते. तिथं त्यांनी अठरा वर्षांनी सापडलेल्या शिक्क्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि ऐकणाऱ्यांत कुणी पोस्टातला होता. आषाढात मला एक पाकीट आलं. विषय: स्टॅम्प आणि मंकी. मजकूर एका ओळीचा: 'द मॅटर विल बी लुक्ड इन्टू.'

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. जीपचा आवाज आला की मी परसात जायचो. रविवारी नम्रता आली, तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "तारीख नाय ना काका? मग कोणी येत नाय." गुरुजी काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. बहुतेक गुणाकार असणार. मी त्यांना तिथंच थांबवलं आणि सांगितलं, की इंग्रजीचा अर्थ शिकलेल्या माणसाला विचारावा, आणि नम्रताचा अर्थ मला पूर्णपणे मान्य आहे.

आणि समजा कुणी आलंच, तरी शिक्का माझ्या घरात नाही. माकडानं परत नेला.